दुसऱ्या संगीतप्रकारातील कलाकाराला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे का, हे कसे ठरवावे

एका विशिष्ट संगीतप्रकाराच्या नावाने उभ्या असलेल्या हॉल ऑफ फेमने (निवडक कलाकारांना कायमचा मान देणाऱ्या सन्मानदालनाने) दुसऱ्या प्रकारातील कलाकाराचे नाव जाहीर केले की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो की संगीताला कप्पे नसतातच, तेव्हा कोणालाही घेतले तरी बिघडत नाही. दुसरा वर्ग म्हणतो की पाटीवर एका प्रकाराचे नाव असेल, तर आत त्याच प्रकाराचे लोक असले पाहिजेत. दोन्ही भूमिका मांडायला सोप्या आहेत, पण निर्णय घेताना त्यांचा उपयोग होत नाही. पहिली भूमिका धरली तर कोणालाच नकार देता येत नाही, आणि दुसरी धरली तर अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीला नेमके कुठे बसवायचे हेही सांगता येत नाही. प्रेस्ली १९८६ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, १९९८ साली कंट्री म्युझिक (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेले संगीत) हॉल ऑफ फेममध्ये आणि २००१ साली गॉस्पेल म्युझिक (ख्रिस्ती भक्तिसंगीत) हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाले. या तीन निवडी एकाच लोकप्रियतेच्या तीन पावत्या नाहीत. प्रत्येकीमागे तिचे स्वतंत्र कारण सांगता येते.

असे कारण कसे शोधावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. ते निवड समितीवर बसणाऱ्याला, चाहत्यांच्या मतदानात भाग घेणाऱ्याला, आणि एखादी संस्था स्वतःचे सन्मानदालन सुरू करत असेल तर तिच्या नियमांचा मसुदा लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडावे. मध्यवर्ती प्रश्न एकच आहे: संस्थेने ज्या संगीताचा इतिहास सांगण्याचे काम पत्करले आहे, तो इतिहास या कलाकाराला वगळून नीट सांगता येतो का? येत असेल, तर तो कलाकार कितीही थोर असला तरी त्याचा सन्मान दुसरीकडे व्हावा. येत नसेल, तर तो कोणत्या प्रकारात गणला जातो याला फारसे महत्त्व देऊ नये.

आधी संस्थेने काय कबूल केले आहे ते वाचावे

बहुतेक वाद संस्थेचे नियम न वाचताच सुरू होतात. काही सन्मानांच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. १९६९ साली स्थापन झालेला साँगरायटर्स हॉल ऑफ फेम गीतलेखन आणि स्वररचना या कामाचा गौरव करतो. गीतकाराचे पहिले गाणे व्यावसायिकरीत्या प्रसिद्ध होऊन २० वर्षे झालेली असावीत, एवढी अट पुरी झाली की प्रकार कोणता हे विचारले जात नाही. म्हणूनच २०१७ साली जे-झी हे तेथे समाविष्ट होणारे पहिले रॅपर ठरले, तेव्हा नियमाला कुठेही मुरड घालावी लागली नाही. ग्रॅमी हॉल ऑफ फेम कलाकारांचा नव्हे, तर किमान २५ वर्षे जुन्या ध्वनिमुद्रणांचा गौरव करतो. कॅनडाचा म्युझिक हॉल ऑफ फेम देशाच्या नावाने आहे. १९७८ साली त्याच्या पहिल्याच यादीत जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदाचे प्रमुख गाय लोम्बार्डो शेजारी शेजारी बसले आणि त्यात काहीही विसंगत नव्हते.

अडचण उरते ती प्रकाराच्या नावाने चालणाऱ्या संस्थांची, आणि त्यातही रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची, म्हणजे रॉक हॉलची, सर्वात जास्त. अॅटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्तेगुन यांच्या पुढाकाराने १९८३ साली या हॉलची संस्था स्थापन झाली, १९८६ साली पहिली यादी जाहीर झाली आणि १९९५ साली क्लीव्हलंडमध्ये संग्रहालयाची इमारत उघडली. पहिल्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाला २५ वर्षे झालेली असणे आणि रॉक अँड रोलच्या वाटचालीवर त्या कलाकाराचा प्रभाव असणे, हे तिच्या निवडीचे दोन आधार राहिले आहेत. यातील पहिला आधार मोजता येतो, दुसरा मोजता येत नाही. आणि गेल्या दोन दशकांतील जवळपास सगळे वाद या दुसऱ्या आधाराभोवती फिरतात. तेव्हा मत देण्यापूर्वी संस्थेचे उद्दिष्ट एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. ते लिहिता आले नाही, तर दोष कलाकाराच्या पात्रतेत नसून संस्थेच्या नियमांत आहे, आणि मग चर्चेची दिशाही त्याप्रमाणे बदलली पाहिजे.

प्रकाराचे लेबल कोणी चिकटवले, ते तपासावे

संगीतप्रकारांची नावे वाजवणाऱ्यांनी ठरवली असे आपण गृहीत धरतो, पण अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या बाबतीत ती बरीचशी विक्रीच्या सोयीसाठी ठरली. १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी एक यादी आणि ग्रामीण गौरवर्णीय श्रोत्यांसाठी दुसरी यादी ठेवायला सुरुवात केली. १९४९ साली बिलबोर्ड नियतकालिकाने त्यांपैकी पहिल्या यादीला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि दुसरीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी नावे दिली. वादक मात्र या याद्यांच्या भिंती फारशा मानत नव्हते. कंट्री संगीताचे आद्य पुरुष मानले जाणारे आणि १९६१ साली कंट्री हॉलच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत असलेले जिमी रॉजर्स यांनी १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये एक ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या परंपरेतील गीतप्रकार) ध्वनिमुद्रित केला, तेव्हा ट्रम्पेटवर जॅझचे लुई आर्मस्ट्राँग होते. रॉक अँड रोलचे गायक-गिटारवादक चक बेरी यांचे १९५५चे पहिले गाजलेले गाणे एका जुन्या कंट्री फिडल-गीताच्या सांगाड्यावर उभे आहे. प्रेस्लीच्या १९५४च्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला आर्थर क्रुडप यांचा ब्लूज होता आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रो यांचे ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेतले वाल्ट्झ. रॉक अँड रोल ज्या तबकडीपासून सुरू झाले असे अनेक जण सांगतात, त्या तबकडीवर मुळात रॉक अँड रोल म्हणून लिहिलेले एकही गाणे नव्हते.

म्हणून ‘हा कलाकार बाहेरचा आहे’ असे विधान समोर आले की त्याला बाहेरचा कोणी ठरवले, हे आधी विचारावे. डिफर्ड बेली यांचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांआड करता येत नाही. हार्मोनिका वाजवणारे हे कृष्णवर्णीय कलावंत नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या तारकांपैकी एक होते. १९२७ साली त्यांचे वादन संपताच निवेदकाने त्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव दिले, असे त्या कार्यक्रमाचा इतिहास सांगतो. १९४१ साली त्यांना तेथून काढण्यात आले, १९८२ साली ते वारले आणि कंट्री हॉलमध्ये त्यांचे नाव २००५ साली लागले. कंट्री हॉलमध्ये पहिला कृष्णवर्णीय कलाकार म्हणून चार्ली प्राइड यांचा समावेशही २००० सालीच झाला. घरातल्याच माणसाला बाहेरचे समजले गेल्याची अशी उदाहरणे पाहिली की ‘आधी आपल्या प्रकारातल्यांना न्याय द्या’ हा युक्तिवाद, जो एरवी मला पटतो, तोही तपासून घ्यावा लागतो. ‘आपल्या प्रकारातले’ ही यादी कोणी आणि कोणत्या काळात बनवली, यावर त्याचे वजन अवलंबून आहे.

दावा कोणत्या जातीचा आहे, ते वेगळे करावे

हे या सगळ्या प्रक्रियेतील सर्वात महत्त्वाचे काम आहे, आणि त्यावर वेळ घालवणे योग्य ठरते. दुसऱ्या प्रकारातील कलाकाराच्या बाजूने जे काही सांगितले जाते, ते बहुतेक वेळा चार वेगवेगळ्या दाव्यांची सरमिसळ असते. ते सुटे करून पाहिले की अर्धा वाद आपोआप मिटतो.

पहिला दावा असा असतो की त्या कलाकाराने या प्रकारात प्रत्यक्ष काम केले आहे. रे चार्ल्स यांचे नाव सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्याशी जोडलेले. पण तरुणपणी फ्लोरिडात ते एका हिलबिली वाद्यमेळात पियानो वाजवत होते, १९६२ साली त्यांनी हँक विल्यम्स आणि डॉन गिब्सन यांची गाणी घेऊन कंट्रीचा संपूर्ण आल्बम केला, आणि त्या आल्बममुळे ही गाणी अशा श्रोत्यांपर्यंत पोचली ज्यांनी कंट्रीचे रेडिओ केंद्र कधी लावलेही नसेल. १९८५ साली विली नेल्सन यांच्यासोबतचे त्यांचे युगुलगीत कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. कंट्री हॉलने २०२१ साली त्यांची निवड केली, ती माझ्या मते निर्दोष होती. आक्षेप घ्यायचाच तर तो उशिराबद्दल घ्यावा, कारण चार्ल्स २००४ सालीच निवर्तले होते. असा दावा तपासताना एखादे हौशी गाणे आणि सातत्याचे काम यांत फरक करावा. एखाद्या प्रसिद्ध गायिकेने एक आल्बम दुसऱ्या ढंगात केला, एवढ्याने पात्रता सिद्ध होत नाही. त्या आल्बममुळे त्या प्रकारात पुढे काय बदलले, हे दाखवता आले पाहिजे.

दुसरा दावा प्रभावाचा. सिस्टर रोझेटा थार्प आयुष्यभर गॉस्पेल गायल्या, परंतु १९४०च्या दशकात त्यांनी इलेक्ट्रिक गिटार ज्या तऱ्हेने वाजवली ती पुढच्या पिढीने उचलली, आणि १९४७ साली मेकन येथील कार्यक्रमापूर्वी एका किशोरवयीन मुलाला त्यांनी रंगमंचावर गाण्याची संधी दिली. तो मुलगा म्हणजे पुढचे रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड. त्यांना ब्लूज हॉलने २००७ साली आणि रॉक हॉलने २०१८ साली सन्मानित केले. लिटल रिचर्ड १९८६च्या पहिल्या यादीत असताना थार्प यांच्यापर्यंत पोचायला त्या हॉलला ३२ वर्षे लागली, ही गोष्ट निवड समित्यांच्या स्मरणशक्तीबद्दल बरेच काही सांगते. प्रभावाचा दावा मान्य करताना मात्र ‘सर्वांवर प्रभाव टाकला’ यासारखी विधाने बाजूला ठेवून ठोस साखळी मागावी: कोणते वादनतंत्र, कोणते ध्वनिमुद्रण, आणि ते उचलणारा कोण. क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जर्मन गटाच्या बाबतीत अशी साखळी अगदी स्पष्ट आहे. त्यांच्या १९७७ सालच्या एका रचनेची सुरावट १९८२ साली न्यू यॉर्कमधील आफ्रिका बंबाटा आणि सोल सॉनिक फोर्स यांनी आपल्या ध्वनिमुद्रणात वापरली आणि इलेक्ट्रॉनिक हिप-हॉपची (हिप-हॉप म्हणजे रॅपचे संगीत) एक शाखाच त्यातून फुटली.

प्रभाव दोन्ही दिशांना वाहू शकतो, हेही लक्षात असू द्यावे. जॅझचे जुने नियतकालिक डाऊनबीट याच्या वाचकांनी १९७० साली रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले, आणि रॉक हॉलने २००६ साली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांना घेतले. डेव्हिस यांनी १९६९-७०च्या सुमारास विद्युत वाद्ये आणि रॉकचे ठेके स्वीकारले, त्यामागे हेंड्रिक्स आणि फंक गायक स्लाय स्टोन यांचे संगीत होते. म्हणजे या दोन निवडी एकाच देवघेवीच्या दोन बाजू आहेत. जॅझच्या इतिहासात हेंड्रिक्स यांना स्थान देणे धाडसाचे वाटले तरी कारण सांगता येते, आणि कारण सांगता येणे हीच येथे कसोटी आहे.

तिसरा दावा समान मुळाचा. हिप-हॉपच्या बाजूने तो केला जातो आणि त्यावरच सर्वात जास्त गदारोळ झाला आहे. रन-डीएमसी या गटाच्या १९८५च्या एका चित्रफितीत रॉक अँड रोलच्या संग्रहालयाचा पहारेकरी त्यांना दारातच अडवतो आणि तुमचे येथे काम नाही असे सुनावतो. गंमत अशी की तेव्हा खऱ्या रॉक हॉलची पहिली यादीही लागलेली नव्हती. त्या हॉलने २००७ साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या रूपाने पहिल्यांदा हिप-हॉपला प्रवेश दिला आणि २००९ साली रन-डीएमसीही आत आले. २०१६ साली एन.डब्ल्यू.ए. गटाच्या निवडीनंतर किस या गटाचे जीन सिमन्स यांनी रॅपला तेथे जागा नसावी असे मत जाहीरपणे मांडले, तेव्हा एन.डब्ल्यू.ए.चे आइस क्यूब यांनी स्वीकाराच्या भाषणात उत्तर दिले की रॉक अँड रोल म्हणजे वाद्य नव्हे, शैलीही नव्हे, तर ब्लूजपासून चालत आलेली एक वृत्ती आहे.

भाषण म्हणून ते उत्तर फार प्रभावी होते. नियम म्हणून मात्र ते घेऊ नये, कारण वृत्ती ही कसोटी लावली की कोणताही बंडखोर माणूस पात्र ठरतो आणि हॉलला मर्यादाच उरत नाही. पण उलट बाजूचा ‘गिटार नाही म्हणजे रॉक नाही’ हा युक्तिवादही तितकाच कच्चा आहे. १९८६च्या पहिल्या यादीतील जेरी ली लुईस, फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड हे तिघेही पियानोवर बसणारे होते. हिप-हॉपची खरी बाजू याहून साधी आणि भक्कम आहे. रॉक अँड रोल आणि हिप-हॉप हे दोन्ही ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वंशातले आहेत. त्याच वंशातील जेम्स ब्राउन यांना रॉक हॉलने पहिल्याच वर्षी घेतले, आणि हिप-हॉपच्या असंख्य ध्वनिमुद्रणांतील ठेके ब्राउन यांच्याच तबकड्यांतून उचललेले आहेत. ज्या संस्थेने ब्राउन यांना आपले मानले, तिला त्यांच्या वारसांना परके म्हणणे अवघड आहे. मी एन.डब्ल्यू.ए.च्या निवडीच्या बाजूने आहे, पण या वंशावळीमुळे, वृत्तीमुळे नव्हे.

चौथा दावा म्हणजे निव्वळ मोठेपणा: हा कलाकार इतका महान आणि इतका लोकप्रिय आहे की त्याला वगळणे विचित्र दिसते. हा दावा ऐकायला सर्वात गोड आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वात रिता असतो. पहिले तीन दावे तपासून झाल्यावर हातात फक्त हाच उरला, तर नकार द्यावा.

कलाकार स्वतः काय म्हणतो, ते ऐकावे, पण त्यालाच निकाल समजू नये

२०२२ साली कंट्री गायिका डॉली पार्टन यांचे नाव रॉक हॉलच्या मतपत्रिकेवर आले. त्या १९९९ पासून कंट्री हॉलमध्ये आहेत. मार्च महिन्यात त्यांनी निवेदन काढून सांगितले की हा मान मिळवण्याइतके आपण काही केले आहे असे आपल्याला वाटत नाही, आणि आपल्यामुळे इतरांची मते विभागली जाऊ नयेत. हॉलचे उत्तर असे होते की मतपत्रिका आधीच रवाना झाल्या आहेत, आणि रॉक अँड रोलची मुळे ऱ्हिदम अँड ब्लूज व कंट्री या दोन्हींत असल्यामुळे ते कोणत्याही एका प्रकारापुरते मर्यादित नाही. पुढे निवड झाल्यास ती स्वीकारू असे पार्टन यांनी सांगितले, नोव्हेंबरमध्ये त्यांचा समावेश झाला, आणि २०२३ साली त्यांनी खरोखरच रॉकचा एक भला मोठा आल्बम काढला.

मला या प्रकरणात पार्टन यांचे पहिले निवेदन हॉलच्या उत्तरापेक्षा अधिक विचारपूर्वक वाटते. रॉकची मुळे कंट्रीत आहेत हे खरे, पण त्या कारणाने जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स, बॉब विल्स आणि बिल मन्रो यांना हॉलने पूर्वीच, प्रभावाच्या वर्गात, स्थान दिले होते. ते सगळे रॉकच्या आधीचे होते. पार्टन यांची कारकीर्द रॉक पूर्ण बहरात असताना त्याला समांतर चालली, त्यामुळे मुळांचा युक्तिवाद त्यांना लागू पडत नाही. त्यांच्या बाजूने काही सांगायचे असेल तर त्यांच्या गाण्यांनी नंतरच्या रॉक आणि पॉप गायकांना काय दिले, ते सांगायला हवे होते. ते सांगता आले असतेही. हॉलने ते सांगितले नाही, मुळांकडे बोट दाखवले. योग्य व्यक्तीसाठी चुकीचे कारण पुढे करणे हा अशा संस्थांचा नेहमीचा दोष आहे, आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते, कारण तेच कारण घेऊन दुसरे दहा जण दारात उभे राहतात.

उलट टोकाला सेक्स पिस्टल्स हा इंग्लंडचा पंक रॉक गट आहे. २००६ साली त्यांनी उपरोधिक पत्र पाठवून सोहळ्याला येणे नाकारले. तरीही रॉकच्या इतिहासातील त्यांच्या स्थानाबद्दल कोणाला शंका नव्हती, म्हणून समावेश कायम राहिला. कलाकाराची इच्छा हा सोहळ्याचा विषय आहे, पात्रतेचा नाही. मात्र दुसऱ्या प्रकारातील कलाकार स्वतःच आपण येथले नाही असे म्हणत असेल, तर त्याला पुरावा समजून वजन द्यावे, कारण आपले काम कोणत्या परंपरेत बसते हे त्याला सहसा चांगले ठाऊक असते.

वर्ग योग्य निवडावा

बऱ्याच वेळा प्रश्न आत घ्यावे की नाही हा नसून कोणत्या नावाखाली घ्यावे हा असतो. रॉक हॉलमध्ये कलाकारांच्या मुख्य यादीखेरीज प्रभावासाठी एक, सांगीतिक गुणवत्तेसाठी एक आणि पडद्यामागील कामासाठी एर्तेगुन यांच्या नावाने एक असे वेगळे सन्मान आहेत. दुसऱ्या प्रकारातून आलेल्या कलाकारासाठी प्रभावाचा वर्ग बहुतेक वेळा सर्वात प्रामाणिक ठरतो, कारण तो ‘हे आमच्यातले’ असा दावा न करता ‘आम्ही यांचे ऋणी’ एवढेच म्हणतो. क्राफ्टवेर्क यांना २०२१ साली याच वर्गात घेतले. तेव्हा त्या वर्गाच्या नावात ‘आरंभीचा’ असा शब्द होता आणि १९७० साली सुरू झालेल्या गटाला तो शोभत नव्हता. २०२३ पर्यंत तो शब्द गेला, आणि त्या वर्षी हिप-हॉपचे जनक मानले जाणारे डीजे कूल हर्क या वर्गात आले.

हे वर्ग सांत्वनाची बक्षिसे म्हणून वाटले की मात्र घोळ होतो. शिक या डिस्को गटाला ११ वेळा नामांकन मिळाले आणि एकदाही पुरेशी मते मिळाली नाहीत. मग २०१७ साली गटाचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांना एकट्याला गुणवत्तेच्या सन्मानाने आत आणले गेले. त्यांचे सहकारी बर्नार्ड एडवर्ड्स, ज्यांच्या बासवर त्या गटाचे निम्मे संगीत तोललेले होते, बाहेरच राहिले. २०२२ साली तर अधिकच विचित्र चित्र दिसले: रॅपर एमिनेम, पॉप गायक लायोनेल रिची आणि डॉली पार्टन मुख्य यादीत, आणि जुडास प्रीस्ट हा हेवी मेटल गट, ज्याच्या रॉक असण्याबद्दल वादच होऊ शकत नाही, गुणवत्तेच्या वर्गात. परक्यांना घेतले म्हणून नव्हे, तर घरच्यांना मागच्या दाराने घेतले म्हणून त्या वर्षी चाहते चिडले, आणि त्यांचे चिडणे मला रास्त वाटते.

कोणाची जागा जाते, ते मोजावे

संगीताला मर्यादा नसेल, पण यादीला असते. कंट्री हॉल साधारणपणे वर्षाला तीनच नावे घेतो: आधुनिक काळातील एक, ज्येष्ठ काळातील एक, आणि तिसरे वादक, गीतकार व पडद्यामागील कार्यकर्ते यांच्यात पाळीपाळीने. अशा ठिकाणी बाहेरचे एक नाव म्हणजे त्या वर्षाचा तिसरा हिस्सा. रॉक हॉलची यादी लांब असली तरी रांगही लांब आहे. डेट्रॉइटच्या एमसी५ या रॉक गटाला अनेक नामांकनांनंतर २०२४ साली गुणवत्तेच्या वर्गात स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी सोहळ्यापूर्वी गटाचे हयात असलेले शेवटचे दोन सदस्य निवर्तले. म्हणून मत देताना समोरच्या नावाशेजारी, थांबून राहिलेल्यांपैकी सर्वात वयस्क पात्र कलाकाराचे नाव लिहून पाहावे. दुसऱ्या प्रकारातील कलाकाराला त्याच्या स्वतःच्या हॉलमध्ये मान मिळालेला असेल, तर तो काही वर्षे थांबू शकतो. ज्याला दुसरे कोणतेच दार नाही, तो थांबू शकत नाही.

चाहत्यांच्या मतदानाचा आधार घेताना त्याचे स्वरूप माहीत असावे. रॉक हॉलमध्ये हजाराहून अधिक मतदारांच्या मतपत्रिकांमध्ये चाहत्यांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. २०२० साली डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतांत पहिला आला आणि त्या वर्षी निवडला गेला नाही. २०२१ साली आफ्रोबीटचे प्रवर्तक नायजेरियाचे फेला कुटी चाहत्यांच्या मतांत दुसरे आले आणि तेही त्या वर्षी बाहेर राहिले. असे मतदान कलाकाराची आठवण किती जिवंत आहे ते दाखवते. त्याचे काम या प्रकाराच्या इतिहासात कुठे बसते, ते नाही.

नियम लिहायचे असतील तर

स्वतःच्या संस्थेचे नियम लिहिणाऱ्याने उद्दिष्टाचे वाक्य आधी पक्के करावे आणि त्यात ‘संगीताची चैतन्यशील परंपरा’ यासारखे शब्द येऊ देऊ नयेत, कारण ते कोणालाही लागू पडतात. दुसऱ्या प्रकारातील कलाकारांसाठी वेगळा वर्ग ठेवावा, त्याला मुख्य यादीइतकाच मान द्यावा आणि दर वर्षी तो भरलाच पाहिजे अशी सक्ती ठेवू नये. प्रत्येक निवडीसोबत कारण प्रसिद्ध करावे. त्या कारणात कलाकाराच्या किमान एका ध्वनिमुद्रणाचा, आणि त्याचा परिणाम ज्याच्या कामात दिसतो अशा या प्रकारातील किमान एका कलाकाराचा, नावानिशी उल्लेख असावा. असे वाक्य समितीतील कोणालाच लिहिता आले नाही, तर ते नाव त्या वर्षी मागे ठेवावे. संस्थेचा कल खरोखरच सर्व लोकप्रिय संगीताकडे झुकला असेल, तर दर वर्षी अपवाद करत बसण्यापेक्षा नाव आणि उद्दिष्ट उघडपणे बदलावे.

नकार द्यायचा झाला तरी तो कोरडा असण्याचे कारण नाही. एखादे प्रदर्शन, एखादा विशेष कार्यक्रम किंवा एखाद्या ध्वनिमुद्रणाचा गौरव, असे मार्ग समावेशाविनाही खुले असतात. नकाराचे कारण समितीच्या कागदपत्रांत तारखेसह नोंदवून ठेवावे, म्हणजे तेच नाव पुढे पुन्हा आले तर नव्या सदस्यांना तोपर्यंत नवा पुरावा काय आला एवढेच तपासावे लागेल.